मालक-दासीची गोष्ट आणि ताराबाईंचा जुना सवाल

मागच्या आठवड्यात नाचणगावात एका ओळखीच्या घरी बसलो होतो. घरातला पोरगा पुण्याला नोकरीला असतो, साक्षगंध झालं, लग्न उन्हाळ्यात. बोलता बोलता म्हणाला, "भाऊ, मी सध्या गोरच्या कादंबऱ्या वाचून राह्यलो. त्यात लिहिलं हाय का माणूस मालक अन् बाई दासी, हाच निसर्ग हाय. जगात लोकं खरंच तसं राह्यतात, दोघाईच्या मर्जीनं."

मी विचारलं, "तिले विचारलं काय?"

"सांगतो नं लग्नानंतर."

त्या एका वाक्यावर ही पोस्ट लिहितो आहे. लांब आहे, पण वाचा.

आधी गोर म्हणजे काय ते. जॉन नॉर्मन या टोपणनावानं अमेरिकेतल्या तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकानं ही मालिका लिहिली. पहिलं पुस्तक 1966 चं, आजवर तीसच्या वर पुस्तकं झाली. सूर्याच्या पलीकडे पृथ्वीसारखाच एक ग्रह आहे, तिथं गुलामी चालते आणि बाईला दासीपणातच सुख मिळतं, असं लेखक पानोपानी पटवून देतो. काही वाचकांनी ती कल्पना उचलून घरात आणली. दोन मोठी माणसं समजून-उमजून, बोलून-ठरवून चार भिंतींत कसं राहतात, याच्याशी मला काही घेणंदेणं नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. गोष्टीतला कायदा घरात आणायचा, तर तो कुणाला विचारून?

हा सवाल आपल्याकडे नवा नाही. आपल्या शेजारच्या वऱ्हाडातून एका बाईनं तो 1882 सालीच विचारला होता.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक विचाराचे. 1881 मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला पोटच्या बाळाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. त्यावरून वर्तमानपत्रांत सगळ्या बायकांवरच आगपाखड सुरू झाली. ताराबाईंनी उत्तरादाखल 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापलं, प्रती 500, किंमत नऊ आणे.

हे पुस्तक विधवांच्या बाजूचं म्हणून ओळखलं जातं, ते खरंच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. ताराबाई थेट गोष्टींनाच धरतात. त्या काळात अद्भुतरम्य कादंबऱ्यांची चलती होती. हळब्यांची 'मुक्तामाला' 1861 ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868 ची. राजपुत्र, लावण्यवती, संकटं आणि शेवटी मीलन. ताराबाई अशा पुस्तकांची नावं घेऊन झाडाझडती करतात आणि पुराणांनाही सोडत नाहीत. नवऱ्याला देव माना म्हणता, तर नवऱ्यानं देवासारखं वागायला नको का? सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली, मग बायकोसाठी यमाकडे गेलेला एखादा नवरा दाखवा की! असा त्यांचा रोख.

म्हणजे दुखणं एका कादंबरीचं नव्हतंच. गोष्ट लिहिणारा पुरुष, तिचा अर्थ सांगणारा पुरुष, आणि ती पाळायची मात्र बाईनं. शिव्या पडल्या, अगदी सुधारकांमधूनही. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं, ते 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणलं.

आता वर्ध्यात या. ताराबाई लिहीत होत्या त्याच सुमारास काठियावाडात तेराएक वर्षांच्या मोहनदासचं लग्न झालं. आत्मकथेत ते स्वतःच सांगतात की, नवरा-बायकोच्या नात्यावरची पै-पैशाची चोपडी त्यांनी वाचली. त्यातलं एकनिष्ठेचं व्रत मनात बसलं आणि लगेच बायकोवर पहारा सुरू झाला. परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही! कस्तुरबांनी ते जुमानलं नाही. देवळात जायचं तेव्हा गेल्या, मैत्रिणींकडे जायचं तेव्हा गेल्या. मोठेपणी गांधींनी कबूल केलं की, मला तिच्यावर बंधन घालायचा हक्क असेल, तर तिलाही माझ्यावर तसाच हक्क नको का? वयाच्या पन्नाशीनंतर सुचलेलं हे वाक्य ताराबाईंच्या सवालाचंच भावंडं आहे. सेवाग्रामला जाल तेव्हा बापूकुटी पाहून परत फिरू नका, जवळच बा-कुटी आहे, तिथंही थोडं थांबा.

पण प्रत्येकीला देवळाची वाट मोकळी नसते. रखमाबाईंना नव्हती. लहानपणी लागलेलं लग्न मान्य नाही म्हणाल्या, तर 1887 मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, त्या पुढे डॉक्टर झाल्या. आजही 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कलम 9 आहे. जोडीदार सोडून गेला तर नांदायला या म्हणून कोर्टात जाता येतं.

म्हणून मर्जी हा शब्द मी तपासून घेतो. नाही म्हटल्यावर जिचं घर जाणार नाही, माहेरची इज्जत जाणार नाही, दोन वेळचं जेवण तुटणार नाही, तिच्याच हो ला किंमत. साक्षगंध झालेल्या, पत्रिका छापायला दिलेल्या पोरीला लग्नानंतर सांगणं म्हणजे विचारणं नव्हे, तो हुकूम झाला.

पोराला मी एवढंच म्हटलं, "ते पुस्तक तिच्या हाती दे. लग्नाच्या आधी. अन् ती नाही म्हणाली तर?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "बाप्पा, हे तर मी सोचलंच नव्हतं."

परवा त्याचा फोन आला. पुस्तक अजून दिलेलं नाही, पण ताराबाईंचं पुस्तक कुठं मिळेल ते विचारत होता.