भुशीचं पाणी, घाटाची वाफ

लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पावसात बसलेल्या पर्यटकांना सहसा ठाऊक नसतं, की हे धरण सहलीसाठी बांधलेलं नाही. जीआयपी रेल्वेनं एकोणिसाव्या शतकात ते बोरघाट चढणाऱ्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं. जवळच आयएनएस शिवाजी आहे. १९४५ पासून नौदलाचे इंजिनवाले तिथं घडतात. मीही बॉयलर तिथंच शिकलो आणि पुढं वीजकेंद्रांत नोकरी केली. माझं ठाम मत आहे, की बोरघाटाचा इतिहास आपण दगडाचा लिहिला. पाण्याचा लिहायचा राहिला.

दगडाचा इतिहास थोर आहेच. १८५६ साली काम सुरू झालं, १८६३ साली गाडी घाट चढली. पंचवीस बोगदे आणि सदतीस फुटांना एक फूट असा चढ. पण त्या चढावर गाडी ओढायची ती वाफेनं, आणि वाफेचा वैरी पाण्यातच विरघळलेला असतो.

साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, म्हणून सगळे पदार्थ तसेच वागतील असं वाटतं. कॅल्शियम सल्फेटचं उलटं आहे. साध्या पाण्यात ते लिटरमागे सुमारे दोन ग्रॅम विरघळतं. बॉयलरमधल्या उष्णतेत त्यातलं बहुतेक बाहेर पडून नळ्यांवर कडक थर धरतं. विहिरीच्या पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेटही तापलं की कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि त्याचा कार्बोनेटचा साका बसतो. थर जाड झाला की आगीची धग पाण्यापर्यंत पोचत नाही. कोळसा जास्त जळतो, पत्रा तापून फुगतो. म्हणून जमिनीत फारसं न मुरलेलं, साठवलेलं पावसाचं पाणी मोलाचं. तरीही ठरावीक काळानं बॉयलर थंड करून ‘वॉशआउट’ करावाच लागे. खलाशी प्लग काढत आणि पाण्याच्या माऱ्यानं आतला गाळ धुऊन काढत.

१९२९ मध्ये घाटात विजेची इंजिनं आली. वाफ घाटातून निघाली आणि ठाकुर्लीच्या चोळा वीजगृहात रेल्वेसाठी वीज करू लागली. पुढच्या वीजकेंद्रांत दाब चढतच गेला. ३७४ अंश सेल्सियस आणि २२१ बार यांच्या पलीकडे पाणी आणि वाफ हा भेदच उरत नाही. तिथं विरघळणं घनतेवर चालतं. तापमान वाढलं की हा द्रव विरळ होतो आणि क्षार टाकून देतो. दाब वाढला की दाट होतो आणि त्यांना पुन्हा सामावून घेतो. हॅने आणि होगार्थ या शास्त्रज्ञांनी १८७९ मध्ये अशाच अवस्थेतल्या अल्कोहोलमध्ये क्षार विरघळवून दाखवले. दाब उतरवताच ते हिमासारखे खाली पडले. उच्च दाबाच्या वाफेतून सिलिका टर्बाइनपर्यंत जाते आणि दाब उतरला की पात्यांवर बसते, त्यामागे हेच तत्त्व आहे.

कोराडी वीजकेंद्राच्या ६६० मेगावॉटच्या संचांत पाणी या सीमेपलीकडे जातं. तिथं बॉयलरला पाणी आणि वाफ वेगळी करणारा ड्रम नाही, त्यामुळं साचलेले क्षार बाहेर सोडायची सोयही नाही. पाणी आधीच जवळजवळ क्षारमुक्त करावं लागतं. प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ आज जे सांभाळतात, तेच काम वॉशआउटचे खलाशी हातानं करत होते. भुशीवर या पाण्याचा आणि त्या खलाशांचा इतिहास सांगणारा फलक लागला पाहिजे. ज्या रेल्वे कुटुंबांत त्या कामाच्या आठवणी अजून सांगितल्या जातात, त्यांच्याकडून त्या आताच लिहून घ्यायला हव्यात.