मॅजिकचा डेक: हौसेकडून हिशेबाकडे

'मॅजिक: द गॅदरिंग' हा जमवायच्या पत्त्यांचा पहिला आधुनिक खेळ ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. गणिताचे अभ्यासक रिचर्ड गारफिल्ड यांनी तो रचला आणि सिएटलजवळच्या 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या तेव्हाच्या लहानशा कंपनीने तो छापला. कंपनीचे प्रमुख पीटर अ‍ॅडकिसन यांना मेळाव्यांतील मधल्या वेळात उरकेल असा, झटपट आणि सुटसुटीत खेळ हवा होता. नेहमीच्या पत्त्यांत एकाच कॅटातून सगळ्यांना पाने वाटतात. मॅजिकमध्ये प्रत्येक खेळाडू आपल्या संग्रहातून निवडलेला स्वतःचा डेक पिसून बसतो.

पहिल्या संचात २९५ वेगवेगळी पाने होती. ६० पानांचा सुरुवातीचा डेक आणि १५ पानांची पाकिटे विकली जात आणि आत काय निघेल ते फोडल्यावरच कळे. लोक मोजकीच पाकिटे घेतील, त्यामुळे 'ब्लॅक लोटस'सारखे दुर्मीळ, जबरदस्त पान मित्रमंडळीत एखाद्याकडेच असेल, असा गारफिल्ड यांचा होरा होता. म्हणून नियमही सैल होते. डेकमध्ये किमान ४० पाने हवीत, पण एकच पान कितीही वेळा घातले तरी चाले.

प्रत्यक्षात माल हातोहात खपला आणि लोकांनी खोकीच्या खोकी विकत घेतली. तेव्हा सैल नियमांतली फट उघडी पडली. प्रतिस्पर्ध्याचे २० जीवनगुण संपवले की डाव जिंकला जातो. 'लाइटनिंग बोल्ट' हे साधे पान एका मॅनाच्या, म्हणजे मंत्रशक्तीच्या, मोबदल्यात त्यातले ३ गुण उडवते. सात बोल्ट पडले की खेळ खलास. डेक बोल्टांनीच भरला, तर विचार करायला उरतेच काय?

जानेवारी १९९४ मध्ये स्पर्धांसाठी नवे नियम आले. किमान ६० पाने, मॅना पुरवणारी मूळ भूमीची पाने सोडून कोणत्याही पानाच्या जास्तीत जास्त ४ प्रती आणि काही बलाढ्य पानांची फक्त एकच प्रत. या बंधनांनी डेक बांधणीला हिशेब आणला. ४० पानांत एखाद्या पानाच्या ४ प्रती असतील, तर सुरुवातीच्या ७ पानांत त्यातली एक तरी येण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के असते. ६० पानांत ती ४० टक्क्यांवर उतरते. प्रत्येक जादा पानामागे ती आणखी घटते. म्हणून जाणकार खेळाडू डेक बरोबर ६० पानांवरच थांबवतात.

जानेवारी १९९५ मध्ये फक्त अलीकडच्या संचांवर खेळायचा 'टाइप टू' प्रकार सुरू झाला आणि जुनी, महागडी पाने नसलेल्या नवख्यांनाही स्पर्धेत शिरता आले.

याच सुमारास दोन विचार पुढे आले. कॅलिफोर्नियातील ब्रायन वाइसमन यांच्या 'द डेक'मध्ये डाव जिंकून देणारी पाने म्हणजे अवघ्या दोन 'सेरा एंजल'. बाकी सगळी भिस्त प्रतिस्पर्ध्याचे डावपेच हाणून पाडण्यावर आणि आपल्या एका पानाच्या बदल्यात त्याची दोन खर्ची पाडण्यावर होती. दुसरा विचार जे श्नायडर यांचा. त्यांनी बांधलेला लाल डेक १९९६ मध्ये पॉल स्लाय यांनी अटलांटात खेळवला आणि तो 'स्लाय' नावानेच प्रसिद्ध झाला. त्यात 'आयर्नक्लॉ ऑर्क्स'सारखी, इतरांनी टाकाऊ ठरवलेली पाने होती. पण पहिल्या फेरीत एक मॅना, दुसरीत दोन, अशी हाती येणारी सगळी शक्ती फेरीगणिक वापरली जाईल, या बेताने ती निवडलेली होती. स्वस्त पाने जास्त आणि महाग पाने कमी, या चढउताराला 'मॅना कर्व्ह' म्हणतात.

आज नवख्याला दिला जाणारा सल्ला याच काळात घडला: जिंकण्याचा एकच मार्ग ठरवा, महत्त्वाच्या पानांच्या चारही प्रती घाला, कर्व्ह सांभाळा. ६० पैकी साधारण २४ पाने भूमीची ठेवली, तर पहिल्या हातात सरासरी २.८ येतात; डेक स्वस्त पानांचा असेल, तर त्याहून कमी पुरतात. जपानमध्ये १९९६ साली आलेल्या पोकेमॉनच्या पत्त्यांनी ६० पाने आणि ४ प्रतींची मर्यादा घेतली. १९९९ च्या 'यु-गी-ओह'मध्ये किमान ४० पाने आणि ३ प्रती असा मेळ बसवला गेला.