आधी बांधा, मग हलवा

दिघ्याच्या मागे पारसिकचा डोंगर आहे. उतारावरच्या वस्त्यांच्या पायऱ्या सुरू झाल्या की रुग्णवाहिका खालीच थांबते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची गाडी धावते आहे. पण रस्ता संपला की तीही हात टेकते. डोंगरातला प्रथमोपचार सुरू होतो तो तिथून.

त्याचे मूळ शोधत गेलो की आपण लिव्हरपूलला पोहोचतो. तिथले ह्यू ओवेन थॉमस डॉक्टर होते, पण वडील हाडे बसवणारे. आपल्याकडे ज्याला हाडवैद्य म्हणतात ते. मोडलेल्या पायासाठी थॉमसनी लोखंडी कड्याची चौकट बनवली. १८९१ मध्ये ते वारले, तोवर तिची फारशी कदर झाली नव्हती. पुढे पहिल्या महायुद्धात त्यांचे शिष्य रॉबर्ट जोन्स यांनी तिचा पुरस्कार केला. मांडीचे हाड मोडलेला जवान तसाच उचलला तर बहुधा वाटेतच दगावे. आधी बांधा, मग हलवा, हा नियम आला आणि मृत्यू झपाट्याने घटले. आपले हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधत, त्यामागचा विचार काही वेगळा नव्हता.

गिर्यारोहकांच्या प्रगत प्रशिक्षणात आजही हाच नियम आहे. शहरात काही मिनिटे निभावायची असतात, गडावर कित्येक तास. कामट्या नसल्या तर चटईची गुंडाळी किंवा काठी. भिजलेल्याला कोरडे करून ऊब द्यायची. नाडी आणि श्वास ठरावीक वेळाने कागदावर लिहायचे. कवींनी हेवा करावा असे मोजके लेखन! स्ट्रेचर नसेल तर बांबू आणि चादर, म्हणजे आदिवासी पाड्यांची जुनी झोळीच.

पहिला धडा मात्र वाचवणाऱ्याने स्वतःला सांभाळण्याचा. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर जायला फक्त पायवाट. यंत्रे चढेनात, खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उडेना. परिसरातले गिर्यारोहक मदतीला धावले. आमच्या नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचे एक अधिकारीही निघाले होते. तो चढ चढतानाच हृदयविकाराने ते गेले. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते, ५७ माणसे बेपत्ताच राहिली.

प्रशिक्षणाच्या सरावात एक जण जखमी होऊन पडतो, बाकीच्यांनी त्याला सांभाळायचे. कुणी मोबाइल काढलाच, तर त्याला सांगतात, रेंज नाही.