पावसाळी शर्यत आणि झाकलेला ब्रेक

पावसाळ्यात देवपूरहून पांझरेचा पूल ओलांडून धुळे शहरात स्कूटरने जाताना आम्हां दोघांना ब्रेकचा एक धडा फार लवकर मिळाला होता. साचलेल्या पाण्यातून चाक गेले, की पुढच्या वळणावर ब्रेक दाबूनही गाडी क्षणभर ऐकत नसे. मग एकाएकी अशी धरी, की मागे बसलेला पुढच्याच्या पाठीवर आदळे. पाण्यातून बाहेर पडल्यावर ब्रेक हलकेच दाबून धरत थोडे अंतर जायचे, म्हणजे तो वाळतो, हे शहाणपण गॅरेजवाल्याने दिले. पुस्तकांनी नव्हे.

मुंबई-नवी मुंबईच्या परिसरात भर पावसात झालेल्या 'गल्फ मान्सून स्कूटर रॅली'ची छायाचित्रे पाहताना म्हणूनच आमची नजर स्वाराच्या चेहऱ्याकडे न जाता चाकाकडे जाते. चित्रात चिखलाचा फवारा दिसतो, तोल सावरायला बाहेर काढलेला पाय दिसतो. ज्याच्या भरवशावर हे सारे धाडस चालले आहे तो ब्रेक मात्र दिसत नाही. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकाचा काय किंवा त्या पिढीतील इतर स्कूटरींचा काय, ब्रेक ड्रमच्या आत बंद असे. आत शिरलेले पाणी लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये पातळ थर धरून घर्षण कमी करते आणि बंद पेटीतून लवकर निघत नाही. कॅमेऱ्याला यातले काहीच टिपता येत नाही.

१९६९ च्या होंडा सीबी ७५० या गाडीने डिस्क ब्रेक सर्वसामान्य ग्राहकापर्यंत आणला आणि ही यंत्रणा प्रथमच उघड्यावर आली. फिरती तबकडी पाणी भिरकावून देते, पॅड तिला पुसून काढतात. तरी पाऊस इतक्या सहजासहजी हरला नाही. गंजू नये म्हणून वापरलेल्या स्टेनलेस स्टीलच्या तबकड्या ओल्या झाल्या की पहिला क्षण वाया घालवीत. तबकडीला पाडलेली भोके आणि पुढे आलेले धातुमिश्रित पॅड हे त्यावरचे उतारे होत. आपल्या रस्त्यांवर १९९९ च्या हीरो होंडा सीबीझेडने पुढची डिस्क अनेकांच्या ओळखीची केली, तोवर आम्ही ड्रमशी जुळवून घेतले होते!

उघडी तबकडी आली तरी छायाचित्र वाचावे लागतेच. कोरड्या ट्रॅकवर कडक ब्रेक लागला, की पुढचे फोर्क खोल दबतात आणि मागचे चाक कधी जमीनही सोडते. ओल्या ट्रॅकवर टायरची पकडच कमी. स्वाराला तेवढा जोर लावता येत नाही आणि फोर्क कमी दबतात. तेव्हा आकाश चौकटीबाहेर असले तरी गाडीच्या नाकावरून हवामानाचा अंदाज बांधता येतो. छायाचित्रकाराने मंद शटर ठेवून गाडीबरोबर कॅमेरा फिरवला असेल तर थेंबांच्या रेघा होतात. वेगवान शटरमध्ये ते हवेत गोठतात. दुसरे चित्र अधिक देखणे, पण वेगाची जाणीव आम्हांला पहिल्यातच होते.

ग्रां प्रीच्या जगात तर गंमतच झाली. तेथील कार्बनच्या तबकड्यांना काम करण्यासाठी सुमारे अडीचशे अंश सेल्सिअस उष्णता लागते. पावसात त्या थंड पडत, म्हणून दीर्घकाळ संघ पाऊस येताच पोलादी तबकड्या बसवीत. २०१० नंतरच्या दशकात तबकडीवर आच्छादन घालून उष्णता राखण्याची युक्ती रुळली आणि कार्बन ओल्यातही चालू लागला. म्हणजे जे ड्रमने लपवले होते आणि डिस्कने उघडे केले, ते पावसासाठी पुन्हा झाकले गेले. छायाचित्रातले ते आच्छादन म्हणजे त्या दिवशीच्या आभाळाची नोंदच.

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. अस्सल साधनांचा हट्ट या गावाला नवा नाही. पण रॅलीच्या छायाचित्राखाली स्पर्धेचे आणि विजेत्याचे नाव असते, ब्रेकला हात लावणाऱ्या मिस्त्रीचे नसते. लायनर कोणते बसवले, पाणी अडवायला काय केले, हे चित्राच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले आम्हांला अजून एकदाही आढळलेले नाही. आणि दमट कपाटांत त्या फिल्मवर बुरशी चढते आहे.