हजेरी कोण देणार?

एप्रिल २०२० मध्ये आमच्या मांगराच्या भिंतीवर मी एक कागद चिकटवला. केंद्र सरकारने १५ तारखेला कामाच्या जागांसाठी काढलेले नियम त्यावर होते: तोंडाला मास्क, आत येताना ताप तपासणे, दोन पाळ्यांत तासाचं अंतर, जेवणाच्या सुट्ट्या वेगवेगळ्या. देवगडात आंब्याच्या पेट्या भरणाऱ्या आठ माणसांना पाळ्या कसल्या? तरी मी जमिनीवर खडूने चौकोन आखले, दाराशी साबण ठेवला. मालक म्हणून आपलं काम झालं, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी कळलं, की पेटीत पेंढा लावणारा एक गडी दोन दिवस तापाची गोळी घेऊन येत होता. सांगितलं का नाही, असं विचारलं तर म्हणाला, "आजारी म्हणान सांगलंय तर हजेरी कोण देतलो, भाऊनू?"

भिंतीवरच्या कागदात याचं उत्तर नव्हतं.

माझे पणजोबा मुंबईत गिरणीकामगार होते. प्लेगात ते पळून गावी आले आणि "रोजचा पगार रोज मिळतो" असं ऐकून परत गेले, असं आजोबा सांगत. लहानपणी मला तो लोभ वाटायचा. त्या वर्षांबद्दल वाचल्यावर तो हिशेब होता, हे समजलं.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला. फेब्रुवारीपर्यंत आठ लाखांच्या मुंबईतले जवळपास निम्मे लोक शहर सोडून गेले. गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले कामगार मोठ्या संख्येने होते, आणि देवगड तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. अंगात ताप असल्याचं कळलं तर इस्पितळात नेतील, ही धास्ती एवढी होती की ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. रोग्यांना घरात लपवणं सर्रास चालू होतं.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. अवघी चार कलमं: सरकारला अधिकार, मोडणाऱ्याला शिक्षा, अंमल करणाऱ्याला संरक्षण. घरी बसलेल्याच्या पोटाबद्दल एक शब्द नाही.

ते काम बाजाराने केलं, तेही नाइलाजाने. एरवी गिरणीत पगार महिन्याचा, आणि तोही काही दिवस अडकवून ठेवलेला. कामगार सोडून जाऊ नये म्हणून ती दोरी होती. पण महिनाअखेर आपण जिवंत असू का, हेच ठाऊक नसलेला माणूस कशाला थांबेल? दोरी तुटली. गिरण्यांचे लोक नाक्यानाक्यावर उभे राहून मजुरांसाठी चढाओढीने बोली लावू लागले, रोजचे पैसे रोज देऊ लागले. पणजोबा परतले ते त्यासाठी. मात्र हा पैसा कामावर येण्याचा होता. आजारी पडून घरी राहण्याचा नव्हता. साथ ओसरल्यावर महिन्याचा उशिरा पगारच पुन्हा रूढ झाला.

१३ मार्च २०२० ला महाराष्ट्राने तोच १८९७ चा कायदा लागू केला. या वेळी वेतनाचा विचार झाला, हे खरं. टाळेबंदीत कामगारांचा पगार कापू नये, असा आदेश केंद्राने २९ मार्चला दिला. १८ मेपासून तो उरला नाही. तसाही तो बंद असलेल्या आस्थापनांसाठी होता. आमचा मांगर चालू होता.

त्या गड्याचा ताप साधा निघाला. मी कागदाखाली पेनाने एक ओळ लिहिली: ताप आल्यास घरी राहावे, हजेरी लागेल. शेजारचे बागायतदार हसले, "उद्यापासून सगळेच आजारी पडतील." त्या हंगामात दोघे जण मिळून पाच दिवस घरी राहिले. दोघांनीही आपणहून आधी कळवलं होतं. पाच हजेऱ्यांचा खर्च वहीत आहे. ऐन मोसमात वाशीला पेट्या पोहोचवणंच कठीण झालेलं असताना तो मला जड गेला, हेही लिहून ठेवतो.

खडूचे चौकोन मेच्या अखेरीस पुसले गेले. ती ओळ अजून भिंतीवर आहे.