पावसाला न घाबरणारा कॅमेरा

जून आला की ट्रेकवाल्या मित्रमंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. "पहिला डिजिटल कॅमेरा घ्यायचाय, सह्याद्रीत टिकेल असा. कुठला घेऊ?" आणि पाठोपाठ दुसरा, "किती मेगापिक्सेलचा?" पहिला प्रश्न एकदम बरोबर. दुसरा मात्र चुकीचा. का, ते कळायला जरा इतिहासात शिरावं लागेल. घाबरू नका, सनावळ्या थोड्याच आहेत.

दणकट कॅमेरा ही डिजिटल जमान्याची देणगी नव्हे. पूर्वी पाण्याखाली फोटो काढायचा म्हणजे साधा कॅमेरा एका जाडजूड बंद पेटीत घालून न्यायचा. समुद्र-संशोधक जाक कूस्तो आणि बेल्जियन इंजिनीअर जाँ द वूटर्स यांनी पेटीच काढून टाकली. त्यांच्या 'कॅलिप्सो' कॅमेऱ्याची बॉडीच सीलबंद होती, सांध्यांमध्ये रबरी ओ-रिंगा बसवलेल्या. १९६३ साली निकॉनने तोच 'निकोनॉस' या नावाने आणला.

दुसरं गिऱ्हाईक निघालं बांधकामाच्या साइटवर. जपानमध्ये कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो पुरावा म्हणून काढून ठेवतात. बरोबरच आहे, एकदा काँक्रीट ओतलं की आतल्या सळया कोण बघणार? तिथल्या धुळीसाठी, पावसासाठी आणि आपटाआपटीसाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कोनिकाने फिल्मवाला कॅमेरा काढला. नाव 'गेन्बा कान्तोकू', म्हणजे चक्क 'साइट सुपरवायझर'!

डिजिटल कॅमेरा मात्र जन्मला तो प्रयोगशाळेतच. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसनने केलेला पहिला नमुना साडेतीन किलोच्या वर होता. १०० गुणिले १०० पिक्सेलचा एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. हा घेऊन कोण गड चढणार?

पुढे कॅमेरे खिशात मावू लागले, पण एक दुखणं राहिलं. बटण दाबलं की लेन्सची नळी बाहेर यायची. त्या फटीतून वाळूचा एक कण आत गेला की नळी अडकली, खेळ खलास. आम्हा इंजिनीअर लोकांचा साधा हिशोब आहे. जिथे काही हलतं किंवा उघडतं, तिथेच आधी बिघडतं.

यावरचा तोडगा २००२ साली मिनोल्टाच्या 'डिमाज एक्स'मध्ये दिसला. आत एक प्रिझम, तो प्रकाश काटकोनात वळवतो आणि झूमची सगळी हालचाल कॅमेऱ्याच्या पोटातच होते. बाहेर काहीच येत नाही. गंमत म्हणजे हे केलं होतं कॅमेरा चपटा करण्यासाठी, पण फायदा झाला दणकटपणाचा. २००५ मध्ये पेंटॅक्सचा 'ऑप्टिओ डब्ल्यूपी' दीड मीटर पाण्यात अर्धा तास टिकू लागला. २००६ मध्ये ऑलिंपसचा '७२० एसडब्ल्यू' तीन मीटर पाण्यात आणि दीड मीटरवरून पडून टिकणारा, तर २००७ चा '७७० एसडब्ल्यू' थेट दहा मीटर पाण्यात, उणे दहा अंश थंडीत आणि १०० किलोच्या दाबाखालीही.

फुकट काहीच मिळत नाही. लेन्स आणि सेन्सर लहान, त्यामुळे ढगाळ उजेडात फोटो खरखरीत. २०१२ च्या 'टीजी-१'मध्ये ऑलिंपसने एफ/२.० ची जास्त उजेड घेणारी लेन्स दिली. आणि मेगापिक्सेलवाल्यांनी हे नीट वाचा: २०१५ चा 'टीजी-४' १६ मेगापिक्सेलचा होता, २०१७ च्या 'टीजी-५'मध्ये ते मुद्दाम १२ वर आणले, कमी उजेडात फोटो बरे यावेत म्हणून. ओएम सिस्टीमच्या नावाने आलेला २०२३ चा 'टीजी-७' पण १२ चाच.

"पण आता फोनही वॉटरप्रूफ असतात ना?" असतात, २०१६ पासून आयफोन ७ आणि गॅलॅक्सी एस७ नंतर सर्रास. पण भर पावसात टचस्क्रीन वेडीवाकडी चालते. शिवाय वाट चुकली तर मदत मागायची त्याच बॅटरीवर.

मग बघायचं काय? लेन्स बाहेर येते का, बॅटरीच्या झाकणाला कुलूपकडी आहे का, ओल्या बोटांनी बटणं दाबता येतात का. आयपीएक्स८ म्हणजे ठरावीक खोलीवर स्थिर पाण्यात बुडवलेलं टिकतं. जोरदार फवाऱ्याची चाचणी वेगळी असते, आयपीएक्स५ किंवा ६. म्हणजे धबधब्याच्या धारेखाली धरायचा तर नुसत्या ८ वर विसंबू नका.

झाकण घरी, कोरड्या खोलीतच उघडा. पावसाळी हवा आत कोंडली की गार वाऱ्यात लेन्स आतून धुकटते. रबर म्हातारं होतं, म्हणून ऑलिंपस वर्षातून एकदा सील बदलायचा सल्ला देत असे. तेव्हा सध्याच्या फॅशनप्रमाणे जुना डिजिकॅम सेकंडहँड घेणार असाल, तर त्यावर लिहिलेले 'दहा मीटर' विसरून जा. तो कोरड्या ट्रेकपुरता.

असो. पगारातले पैसे घालून कॅमेरा घ्यायचा आणि पाऊस आला की तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवायचा, याला काय अर्थ आहे? सह्याद्री बघण्यासारखा असतो तो नेमका तेव्हाच. थोडे कमी मेगापिक्सेल चालतील, पण धुक्यात बिनधास्त बाहेर काढता येईल असाच घ्या.