जमाखर्च कोणाच्या नावावर?

कॅलिफोर्निया, मे १९७९. उजाडायच्या आत तुम्ही पंपावर पोचलात, तरी पुढे गाड्यांची रांग पार कोपऱ्याआड गेलेली. आज विषम तारीख आणि तुमच्या नंबरप्लेटचा शेवटचा आकडाही विषम, म्हणून निदान रांगेत उभं तरी राहता येतंय. इंजिन बंद ठेवायचं, पुढची गाडी हलली की खाली उतरून आपली ढकलायची. इराणमध्ये शहांची राजवट कोसळली, तिथलं तेल आटलं. पण रांगेतली माणसं शिव्या घालतात त्या राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरना.

आता ६ ऑक्टोबर. शनिवारची संध्याकाळ. पोप आलेत म्हणून वॉशिंग्टनमध्ये गर्दी, आणि फेडरल रिझर्व्हने, म्हणजे फेडने, अचानक पत्रकारांना बोलावलंय. समोर सहा फूट सात इंच उंचीचे पॉल व्होल्कर. कार्टरनीच दोन महिन्यांपूर्वी त्यांना या मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखपदी आणलं. ते सांगतात ते कानाला रुक्ष वाटतं : महागाई रोखायला यापुढे लगाम पैशाच्या पुरवठ्यावर, व्याजदर जाईल तिथे जाईल. पुढच्या पाच वर्षांतला सगळ्यात मोठा निर्णय हाच, पण त्या रात्री तुमच्या शेजारीपाजारी कोणालाच तो कळलेला नसतो.

वर्षभराने, २८ ऑक्टोबर १९८०ला, तुम्ही टीव्हीसमोर बसलात. चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचं बरं चाललंय का, असं कार्टर यांचे प्रतिस्पर्धी रोनाल्ड रेगन वादसभेत विचारतात. त्या वर्षीची सरासरी महागाई साडेतेरा टक्के. घराघरातलं उत्तर ठरलेलं. रेगन ४४ राज्यं जिंकतात.

पुढचा मुक्काम जरा जास्त वेळ करा, कारण कार्टर-रेगन तुलनेच्या तक्त्यांत तो हटकून निसटतो. व्होल्कर यांच्या लगामामुळे १९८१च्या शरद ऋतूत घरकर्जाचा दर १८ टक्क्यांच्या वर गेलाय. त्या दराने घर घेणार कोण? बांधकामं ठप्प. बिल्डर लाकडी फळकुटं पोस्टाने फेडच्या पत्त्यावर धाडतायत. एक उचलून बघा : चौकटीसाठी कापतात तसला तुकडा, वर व्याजदर उतरवा असा मजकूर, आणि पोस्टाची तिकिटं. शेतकऱ्यांनी तर फेडच्या इमारतीभोवती ट्रॅक्टर आणून उभे केले. १९८२च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्के, महामंदीनंतरची तोवरची सर्वाधिक. नोव्हेंबरातल्या मध्यावधी निवडणुकीत रेगन यांच्या पक्षाने प्रतिनिधीगृहातल्या २६ जागा गमावल्या. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्याच नोव्हेंबरात असती, तर रेगन यांचं नावही आज कार्टर यांच्याच ओळीत लागलं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

पण ती होती १९८४मध्ये. तोवर महागाई चार टक्क्यांच्या आसपास उतरली होती, व्याजदर खाली आले होते, वाढीचा दर सातच्या वर गेला होता. रेगन ४९ राज्यं जिंकले. त्यांनी करकपात केली, संरक्षणखर्च वाढवला, त्याचा हात या उभारीत होताच. मोठं श्रेय त्यांना मी देतो ते मात्र वेगळ्या गोष्टीचं : बेकारी भडकली असतानाही त्यांनी व्होल्करना मोडून काढलं नाही, उलट १९८३मध्ये पुन्हा नेमलं.

आता दोघांचे आकडे शेजारी मांडा. कार्टर यांच्या चार वर्षांत सुमारे १ कोटी रोजगार वाढले, रेगन यांच्या आठ वर्षांत सुमारे १ कोटी ६० लाख. वर्षागणिक हिशेब केला तर कार्टर सरस, महागाई पाहिली तर रेगन. आणि १९८२मध्ये ज्यांची नोकरी गेली, त्यांचा तोटा कोणाच्या रकान्यात? तारखेने तो रेगन यांचा, औषध कार्टर यांच्या माणसाचं, महागाईचा आजार त्या दोघांच्याही आधीपासूनचा.

अ‍ॅलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन या प्रिन्स्टनच्या अर्थतज्ज्ञांनी हाच हिशेब पक्षांच्या नावावर मांडून ट्रूमनपासून ओबामांपर्यंतचा काळ तपासला. कार्टर यांच्यासारख्या डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षांच्या काळात वाढीचा दर रेगन यांच्यासारख्या रिपब्लिकनांच्या काळापेक्षा सुमारे १.८ टक्के-बिंदूंनी जास्त निघाला. ब्लाइंडर स्वतः क्लिंटन यांचे सल्लागार राहिलेले. तरी दोघांनी लिहिलं की या फरकाचा मोठा भाग तेलाचे धक्के, उत्पादकता आणि बाहेरच्या जगातली परिस्थिती यांचा आहे, सरकारी खर्चाच्या किंवा व्याजदराच्या धोरणाचा नाही.